ती नाव, ते नाव आणि नेव्ही

मुलांनो, जून महिना जवळ आला की गणवेशाच्या दुकानात केवढी गर्दी उसळते! गळ्यात मापाची पट्टी टाकलेले काका विचारतात, "पँट कुठल्या रंगाची?" तुम्ही तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी होते, "नेव्ही ब्लू." काका मागे वळतात आणि गठ्ठ्यातून बरोब्बर तो गडद, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा निळा रंग ओढून काढतात. 'नेव्ही' म्हणजे काय, हे आई विचारत नाही, काका विचारत नाहीत आणि तुम्हीही विचारत नाही. आज आपण विचारू या. आणि नुसतं विचारून थांबायचं नाही, त्या शब्दाचा माग काढत जिथवर जाता येईल तिथवर जायचं.

सुरुवातीसाठी मी गाव निवडलं आहे कुंभारी. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं, दक्षिण सोलापूर तालुक्यात. गाव तसं जुनंच, पण गेल्या काही वर्षांत ते फार मोठं झालं. 2006 साली इथे विडी वळणाऱ्या बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. मग 'रे नगर' नावाची आणखी मोठी वसाहत आली. 19 जानेवारी 2024 रोजी तिथल्या 15,000 घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. एवढी घरं म्हणजे किती मुलं, आणि किती गणवेश! सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहेच, पण हल्ली शाळेचे गणवेश शिवणारं शहर म्हणूनही त्याचं नाव झालंय. तेव्हा कुंभारीत 'नेव्ही' हा शब्द अगदी रोजचा.

पण समुद्र? तो कुठे आहे हो कुंभारीत? सर्वांत जवळचा किनारा कोकणातला, रत्नागिरीच्या बाजूचा. सरळ रेषेत मोजलं तरी तो अडीचशे किलोमीटरांहून लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा. कुंभारीत पडलेला पाऊस तर त्या दिशेला जातही नाही. तो ओढ्यानाल्यांतून भीमेला मिळतो, भीमेतून कृष्णेत उतरतो आणि कृष्णेबरोबर आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतो. अशा कोरड्या, काळ्या मातीच्या गावात समुद्रावरच्या सैन्याचं नाव मुलांच्या अंगावर आलं कसं?

कारण 'नेव्ही' म्हणजे नौदल, समुद्रावर लढणारी सेना, एवढं तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. रंगाला ते नाव मिळालं ब्रिटिश नौदलावरून. त्या नौदलाच्या अधिकाऱ्यांना 1748 पर्यंत ठरलेला गणवेशच नव्हता. ज्याला जे आवडेल, परवडेल ते तो घाली. मग अधिकाऱ्यांनी स्वतःच गणवेशाची मागणी केली आणि 1748 साली गडद निळा कोट ठरला. साध्या खलाशांना मात्र ठरलेला गणवेश मिळायला 1857 उजाडावं लागलं. मधल्या काळात जगभरच्या बंदरांवर लोकांनी हा निळा कोट इतका पाहिला की रंगालाच 'नौदलाचा निळा' म्हणू लागले.

आता हा निळा रंग यायचा कशातून? नीळ नावाच्या झुडपाच्या पानांतून. इंग्रजीत तिला 'इंडिगो' म्हणतात, आणि या शब्दाच्या मुळाशी आहे ग्रीक 'इंडिकॉन', म्हणजे भारतातून आलेली वस्तू! नीळ तयार होताना पाहणं ही एक जादूच असते. पानं पाण्यात भिजत घालतात, ती आंबतात, मग ते पाणी खूप घुसळतात. घुसळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो आणि तळाशी निळा गाळ बसतो. पण हा निळा गाळ पाण्यात विरघळतच नाही, मग कापडात शिरणार कसा? म्हणून रंगारी त्यातला तो प्राणवायूचा परिणाम पुन्हा उलटवतात. हौदातलं पाणी पिवळट हिरवं होतं. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की तेही पिवळट हिरवंच दिसतं, आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत, काही न करता, निव्वळ हवा लागून ते निळं होत जातं. रंग धाग्यात अडकून बसतो. पाण्यात विरघळत नसल्यामुळे धुतला तरी सहजी निघत नाही, आणि गडद असल्यामुळे डागही कमी दिसतात. बोटीवर राहणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! पुढे जर्मनीत रसायनांपासून नीळ बनवता आली आणि 1897 पासून ती बाजारात विकली जाऊ लागली. तुमच्या पँटच्या कापडात आता दुसरेच रंग असतात. जीन्समध्ये मात्र अजून नीळच असते, कारखान्यात बनवलेली.

रंगाचं कोडं सुटलं. आता खुद्द शब्दाकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे.

इंग्रज लोक बोटीला 'शिप' म्हणतात, 'बोट' म्हणतात. हे त्यांच्या घरचे शब्द. 'नेव्ही' त्यांच्या घरचा नाही. 1066 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी इंग्लंड जिंकलं. राजवाड्यात, कचेरीत, न्यायालयात फ्रेंच बोललं जाऊ लागलं आणि फ्रेंच शब्दांची रीघ इंग्रजीत लागली. त्यांतच जुन्या फ्रेंचमधला 'नावी' होता. त्याचा अर्थ जहाजांचा तांडा. आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक, म्हणून 'नावी' आला लॅटिन 'नाविस'वरून. नाविस म्हणजे जहाज.

नाविस. नावी. मोठ्याने म्हणून बघा. काही आठवतं?

नाव! नदीत वल्हवत नेतात ती नाव. ती वल्हवणारा नावाडी. नौका, नाविक, नौदल. संस्कृतात मूळ शब्द 'नौ', तो ऋग्वेदातसुद्धा आहे. ग्रीकमध्ये 'नाउस', फारसीत 'नाव'. हे एकमेकांकडून उसने घेतलेले शब्द नाहीत. हजारो वर्षांपूर्वी एक भाषा होती. ती बोलणारे लोक पांगले. काही पूर्वेकडे आले, काही पश्चिमेकडे गेले. प्रत्येक ठिकाणी ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेली, इतकी की शेवटी एकाला दुसऱ्याचं बोलणं कळेना. पण बोटीसाठीचा शब्द प्रत्येकाने जपून ठेवला. म्हणजे आपली 'नाव' आणि इंग्रजीतली 'नेव्ही' ही एकाच घरातून निघालेली भावंडं आहेत.

हे कुणाच्या लक्षात आलं? पुष्कळांना पुसट शंका आली होती, पण ठासून सांगितलं ते सर विल्यम जोन्स यांनी. ते कोलकात्यात न्यायाधीश होते आणि संस्कृत शिकत होते. 1786 साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना त्यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येऊच शकत नाही, त्या एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत. मग विद्वानांनी शेकडो शब्द ताडून पाहिले. एखाददुसरा शब्द सारखा असेल तर तो योगायोग म्हणता येतो. पण संस्कृतात 'नौ' तर लॅटिनमध्ये 'नाविस', संस्कृतात 'नव' तर लॅटिनमध्ये 'नोवुस', इंग्रजीत 'न्यू'. संस्कृतात नऊला 'नव', लॅटिनमध्ये 'नोवेम', इंग्रजीत 'नाइन'. प्रत्येक वेळी 'न'च्या जागी 'न'! असे नियम एकापाठोपाठ सापडत गेले आणि भाषांचा अभ्यास हे एक शास्त्र झालं.

आणि आता एक खास आपल्या मराठीची गंमत, जी मला फार आवडते. मराठीत 'नाव' दोन आहेत. ती नाव आणि ते नाव. ती नाव पाण्यावर चालते, ते नाव हजेरीपटात असतं. लिहायला अगदी सारखी, पण दोन्हींची मुळं वेगळी. ते नाव संस्कृत 'नामन्'पासून आलं. लॅटिनमध्ये 'नोमेन', इंग्रजीत 'नेम'. म्हणजे आपल्या ती-नावेचं भावंड आहे नेव्ही, आणि ते-नावाचं भावंड आहे नेम. दोन वेगळ्या घराण्यांतली लेकरं मराठीत येईपर्यंत झिजत झिजत इतकी सारखी झाली की आता फक्त 'ती' आणि 'ते' यांवरून ओळखायची!

कुंभारीच्या वर्गात हा खेळ आणखी रंगतो. सोलापूरकडे मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. विणकर पद्मशाली समाजाची कितीतरी कुटुंबं पूर्वी तेलंगणातून सोलापुरात आली, त्यांच्या घरात आजी तेलुगू बोलते. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारी घरं खूप. नौदलाला कन्नडमध्ये 'नौकापडे' म्हणतात आणि तेलुगूत 'नौकादळं'. तिन्हीकडे 'नौ'! मग या तिन्ही भाषा बहिणी का? नाही. कन्नड आणि तेलुगू द्राविड कुळातल्या. त्यांनी 'नौका' हा शब्द संस्कृतातून घेतला, म्हणजे तो त्यांच्याकडे पाहुणा आहे. त्यांचे घरचे शब्द वेगळे आहेत. कन्नडमध्ये होडीला 'दोणी' आणि जहाजाला 'हडगु', तेलुगूत 'पडव' आणि 'ओड'. आपल्या कोकणात एका लाकडातून कोरलेल्या होडीला 'डोण' म्हणतात, ती कन्नड 'दोणी'च्या किती जवळची वाटते पाहा. तेव्हा दोन शब्द सारखे दिसले की लगेच भावंडं म्हणायचं नाही. आधी विचारायचं, हा घरचा की पाहुणा?

आता 'नेव्ही'चा अर्थ बघू. आपल्याला वाटतं, नेव्ही म्हणजे तोफा, पाणबुड्या, लढाई. पण सुरुवातीला या शब्दात लढाई असायलाच हवी असं नव्हतं. जहाजं एकत्र आली की झाली नेव्ही, मग ती मालाची का असेनात. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात राजाने जहाजं, माणसं, गोद्या, हिशेब अशी कायमची व्यवस्था बसवली. तेव्हापासून हा शब्द एका देशाच्या समुद्री सेनेला चिकटला. पण जुना अर्थ पुरता मेला नाही. 'मर्चंट नेव्ही' ऐकलंय ना? ही माल वाहणारी जहाजं. त्यांवरची माणसं सैनिक नसतात, तरी तीसुद्धा नेव्हीच.

आणि इथे सोलापूरचा एक माणूस गोष्टीत येतो. वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला, समुद्रापासून इतक्या दूर. तरुणपणी त्यांनी रेल्वेची कामं घेतली, त्यांत बार्शी लाइट रेल्वेचंही काम होतं. पण पहिलं महायुद्ध संपता संपता त्यांच्या मनात जहाजं शिरली. त्या काळी हिंदुस्थानातून परदेशी जाणारा माल बहुतेक सगळा इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून जायचा. कापूस आपला, गोण्या आपल्या, भाडं मात्र त्यांच्या खिशात. वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायचं आहे. युद्धात त्याचा रुग्णालय म्हणून उपयोग झाला होता. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी इतरांना सोबत घेऊन ते विकत घेतलं, कंपनी काढली आणि तिला नाव दिलं 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'. जहाजाचं नाव 'एस. एस. लॉयल्टी'. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. आपल्या माणसांच्या मालकीचं जहाज, आणि थेट लंडन! इंग्रज कंपन्यांना हे रुचणार थोडंच. त्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचं कंबरडं मोडावं. कंपनी मात्र टिकली. आज आपला देश 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या प्रवासाच्या आठवणीसाठी.

जहाजं चालवणं पुरेसं नाही, ती इथेच बांधलीही पाहिजेत, असा वालचंदांचा आग्रह होता. 1941 साली विशाखापट्टणमला त्यांच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, मार्च 1948 मध्ये, तिथे बांधलेलं 'जलउषा' हे मोठं जहाज पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. मी सोलापूरचं नाव घेतलं की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते. मला वाटतं, जहाजही आठवायला हवं.

कंपनीच्या नावात तो शब्द होता, पाहिलात का? नॅव्हिगेशन! तेच लॅटिन 'नाविस' आणि पुढे 'आगेरे', म्हणजे हाकणं. नाव हाकणं म्हणजे नॅव्हिगेशन. आता मोबाइलमधला नकाशा "डावीकडे वळा" म्हणून सांगतो, तेही नॅव्हिगेशनच, मग तुम्ही सायकलवर का असेना. आपल्या देशाने वाट दाखवणारे स्वतःचे उपग्रह आकाशात सोडले आहेत. 2016 साली त्या यंत्रणेला नाव मिळालं 'नाविक'. इंग्रजीत ते 'नॅव्हिगेशन'पासून सुरू होणाऱ्या लांबलचक नावाचं लघुरूप आहे, आणि आपल्याकडे नाविक म्हणजे नाव चालवणारा. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन भावंडं एका नावात शेजारी शेजारी बसली!

'नॅव्हिगेशन'पासून इंग्रजीत आणखी एक शब्द निघाला, 'नॅव्ही'. इंग्लंडमध्ये मालाच्या नावा नेण्यासाठी कालवे खणले, ते खणणाऱ्या मजुरांना हे नाव पडलं. पुढे रेल्वेच्या रुळांसाठी माती उपसणारेही नॅव्हीच. कुदळ-फावडं घेतलेल्या माणसाच्या नावातसुद्धा बोट.

बरं, आपण मराठीत नुसतं नौदल कुठे म्हणतो? शिवाजी महाराजांचं काय होतं? आरमार! हा शब्द किती भारदस्त वाटतो. पण तो पाहुणा आहे बरं का, आणि आलाय पोर्तुगालहून. पोर्तुगीज 1498 साली भारताच्या किनाऱ्याला लागले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या संगतीत मराठीने पाव, चावी, घमेलं, परात, बिजागरी असे कितीतरी शब्द घेतले. त्यांच्या युद्धजहाजांच्या ताफ्याला ते 'आर्माडा' म्हणत. त्याचं मराठीत झालं आरमार. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे पहिली जहाजं बांधायला घेतली तेव्हा त्यांच्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे गोवेकर पोर्तुगीजांना या आरमाराची धास्ती वाटली आणि ते कारागीर काम सोडून गेले. जहाजं मात्र बांधली गेलीच. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणजवळच्या बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं.

'आर्माडा' हा शब्द लॅटिनमधल्या 'हत्यारबंद' अशा अर्थाच्या शब्दापासून आला. त्याच शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलाय 'आर्मी'. आता बघा काय झालं ते! आर्मी इंग्रजीत जमिनीवर राहिली आणि तिचं सख्खं भावंड आरमार मराठीत पाण्यावर गेलं.

त्या आरमाराची बोली मला फार गोड वाटते. गलबत, गुराब, मचवा, शिबाड, तरांडं. 'गुराब' हा शब्द अरबीतून आला, तिथे गुराब म्हणजे कावळा. या जहाजाचं तोंड चोचीसारखं पुढे निमुळतं असायचं. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातल्या गुराबांनी आणि गलबतांनी इंग्रजांना इतकं हैराण केलं की इंग्रजांच्या कागदपत्रांत हे शब्दच जाऊन बसले. गुराबला ते 'ग्रॅब' लिहायचे आणि गलबताला 'गॅलिव्हॅट'. ज्याची भीती वाटते त्याचं नाव शिकावंच लागतं! कोळीवाड्यात होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात, तो फारसी 'नाखुदा'. त्यातला 'ना' म्हणजे आपली तीच नाव आणि 'खुदा' म्हणजे धनी. नावेचा धनी. आणि नौदलातला सर्वांत मोठा अधिकारी 'अ‍ॅडमिरल', तो अरबी 'अमीर'पासून आलेला. अमीर-उमराव म्हणतो ना आपण, तोच अमीर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात आरमाराबद्दल बरंच लिहिलंय. त्यातली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे. जहाजाला लाकूड लागतं, पण रयतेची आंब्याची आणि फणसाची झाडं तोडायची नाहीत, असं त्यात बजावलं आहे. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी जहाज बांधताना फणसाचा विचार केला होता.

आता एक कोडं. महाराष्ट्रात असं कुठलं 'जहाज' आहे, जे डोंगरात आहे आणि कधीच पाण्यात उतरलेलं नाही? आय. एन. एस. शिवाजी! ते आहे लोणावळ्याला. आय. एन. एस. म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज. पण लोणावळ्यात जहाजबिहाज काही नाही, नौदलाच्या इंजिनांचं शिक्षण देणारी ती मोठी संस्था आहे, 1945 पासून. मग जहाजाचं नाव का? ब्रिटिश नौदलात रीत अशी की प्रत्येक नौसैनिकाचं नाव कुठल्या तरी जहाजाच्या पटावर हवं. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांचं काय करायचं? सोपं आहे, त्यांच्या इमारतीलाच जहाज म्हणायचं! ती रीत आपल्याकडे अजून चालू आहे. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ज्या 'तलवार'वर हिंदी नौसैनिकांनी इंग्रज सरकारविरुद्ध संप पुकारला, तेही समुद्रावरचं जहाज नव्हतं. मुंबईत कुलाब्याला, जमिनीवर असलेली ती संदेशवहनाची शाळा होती. निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांना कंटाळलेल्या तिथल्या तरुणांनी जेवण नाकारलं, आणि काही दिवसांत ते वारं बंदराबंदरांतल्या जहाजांवर पसरलं. त्यांतले कितीतरी जण तुमच्या ताई-दादांच्या वयाचे होते.

परत कुंभारीला येऊ. इथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे होतकरू डॉक्टर रुग्णाच्या कागदावर एक शब्द वारंवार लिहितात, 'नॉशिया'. म्हणजे मळमळ. या शब्दात बोट लपली आहे! ग्रीक 'नाउस', म्हणजे जहाज, त्यावरून 'नाउसिया', म्हणजे बोट लागणं. घाटात एसटी वळणं घेते तेव्हा तुमच्या पोटात ढवळतं ना, तेच हे. आपल्या कानाच्या आत, खोल, अर्धवर्तुळाच्या आकाराच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला बातमी जाते, "हलतोय आपण." पण डोळ्यांपुढे बसची सीट, ती तर स्थिर. डोळे सांगतात, "छे, काही हलत नाहीये." दोन साक्षीदार दोन तऱ्हेचं बोलू लागले की मेंदू गोंधळतो आणि पोट बिघडतं. म्हणून अशा वेळी पुस्तकात डोकं घालू नये, खिडकीतून लांबवर बघावं. मग डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते. ग्रीक खलाशांना हे नळ्याबिळ्यांचं ठाऊक नव्हतं, पण हा त्रास बोटीमुळे होतो एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. आज समुद्र न पाहिलेल्या माणसालाही नॉशिया होतो, आणि त्याला त्यातली बोट दिसत नाही.

ग्रीक 'नाउस'वरून झाला 'नाउटेस', म्हणजे नाविक. आणि माणूस जेव्हा आकाशापलीकडे जायला निघाला, तेव्हा त्याला काय म्हणायचं हा प्रश्न पडला. अमेरिकनांनी 'अ‍ॅस्ट्रोनॉट' म्हटलं, ताऱ्यांचा नाविक. रशियनांनी 'कॉस्मोनॉट' म्हटलं, विश्वाचा नाविक. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा रशियन यानातून गेले, ते कॉस्मोनॉट. अवकाशात ना पाणी, ना वल्हं, ना शीड, तरी तिथे जाणारा माणूस नाविकच ठरला.

आता आपण स्वतःच्या यानातून माणसं पाठवणार आहोत, त्या मोहिमेचं नाव 'गगनयान'. यान परत येताना जमिनीवर उतरणार नाही. मोठ्या छत्र्यांना लटकत ते समुद्रात उतरेल, आणि आतल्या माणसांना पाण्यातून बाहेर काढण्याचं काम आहे भारतीय नौदलाचं. याची एक चाचणी 21 ऑक्टोबर 2023 रोजी झाली. श्रीहरिकोटाहून रॉकेट उडालं, वर जाऊन त्याने माणसांसाठीची कुपी सोडून दिली. कुपीत माणसं नव्हती. ती छत्र्यांच्या आधाराने श्रीहरिकोटापासून थोड्या अंतरावर बंगालच्या उपसागरात पडली आणि नौदलाचं जहाज तिथे वाट बघत उभंच होतं. पाणबुडे उतरले, दोर बांधले, कुपी वर घेतली. उद्या त्या कुपीत खरोखरच माणसं असतील, तेव्हा अ‍ॅस्ट्रोनॉट पाण्यात आणि नेव्ही त्यांना हात द्यायला, अशी ती दोन भावंडं समुद्रातच भेटतील.